खांद्यावरचे प्रेत आणि चौकटीचा कागद

सोलापुरी चादरीवरचा मोर जवळून पाहिला तर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. मानेचा बाक, पिसाऱ्याचा घेर, चोच, सगळेच बारीक चौकोनांच्या कडांनी बनलेले. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत जॅकार्डच्या यंत्रमागांवर अशा चादरी निघतात. जॅकार्डची मूळ रीत अशी, की नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, एकेका चौकोनात ताण्याचा धागा उचलायचा की खाली ठेवायचा एवढेच ठरवायचे आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची. आता हे काम पडद्यावर होऊ लागले आहे, पण पडद्यावरही चौकोन आहेतच. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यातली भुयारे आणि तळघरे आखायलाही असाच चौकटीचा कागद लागला. एक चौकोन म्हणजे दहा फूट. वाट कुठे वळते, दार कुठे आहे, राक्षस कोणत्या खोलीत बसला आहे, हे सगळे त्या कागदावर. पण चौकटीतून नियम येतो, जीव येत नाही. चादरीवरचा मोर मोर वाटतो तो कोणता चौकोन मोकळा सोडायचा हे कळणाऱ्या हातामुळे. अशा खेळाचा आत्मा कोणत्या चित्रकाराला सापडला, या प्रश्नाचे उत्तरही मला त्या मोकळ्या सोडलेल्या चौकोनांतच दिसते.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, आता काय करणार? उत्तर आले की फासे पडतात आणि कथा पुढे सरकते. आपल्याकडे सोंग हा शब्द लळितात, बोहाड्यात, दशावतारात मुरलेला आहे, त्यामुळे ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. (सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हणही या खेळात खरी ठरते, सोन्याच्या मोहरांचा हिशेब इथे दमडीपर्यंत ठेवला जातो.) या खेळाचा प्राण ‘आता काय करणार?’ या प्रश्नात आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की त्याचा खरा चित्रकार पराक्रमाचा क्षण रंगवत बसत नाही. तो पेच रंगवतो, आणि पेच सोडवणाऱ्याची जागा मोकळी ठेवतो.

पुरावा त्या खेळाच्या घरातूनच घेऊ. १९७८ साली ‘प्लेअर्स हँडबुक’ हे त्याचे नियमपुस्तक निघाले, त्याचे मुखपृष्ठ डेव्हिड ट्रॅम्पिअरचे. भलीमोठी शिंगवाली मूर्ती बसली आहे, दोन चोर तिच्या अंगावर चढून डोळ्यातले रत्न उचकटताहेत. खाली सरड्यासारख्या माणसांची प्रेते पडली आहेत, ती कुणी ओढून नेतो आहे, कुणी तलवार पुसतो आहे, कुणी नकाशात डोके घालून बसले आहे. लढाई संपलेली आहे, म्हणजे ज्या क्षणासाठी एरवी मुखपृष्ठे रंगवली जातात तो क्षण इथे हुकलाच आहे. तरीही पाहणाऱ्याच्या मनात प्रश्नांची रांग लागते. रत्न निघाल्यावर मूर्ती उठेल का? नकाशातली पुढची खोली कोणती? चोर वाटणी करतील की पळतील? हाच खेळ १९८३ साली ज्या लाल पेटीतून निघाला तिच्यावर लॅरी एल्मोरने लाल ड्रॅगन आणि त्याच्यापुढे उभा ठाकलेला एकटा योद्धा रंगवला. खप, प्रसिद्धी, रंगांचे तेज या सगळ्यांत हे चित्र सरस. अनेकांना खेळाची ओढ लावली ती त्यानेच. पण त्यात पुढे काय होणार याला दोनच वाटा आहेत, मारणे किंवा मरणे. ट्रॅम्पिअरच्या चित्रात दहा वाटा आहेत. एल्मोरच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे: त्याचा योद्धा पाठमोरा आहे. चेहरा न दाखवण्याचे शहाणपण त्याच्याकडे होते, आणि त्या पाठीमागे उभे राहून कितीतरी मुले खेळात शिरली.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत अद्भुताचे चित्र म्हटले की पहिले नाव रघुवीर मुळगावकरांचे निघते. त्यांचे देव, राण्या, वीर, रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरचे चेहरे, सगळ्यांवर एक ओलसर चमक असते. घराघरांतल्या कॅलेंडरांनी ती डोळ्यांत भरवली. कारागिरीत त्यांच्याशी बरोबरी करणारे थोडे. तरीही या खेळाच्या कसोटीवर ते मागे पडतात, कारण त्यांचे चित्र पुरे झालेले असते. देव प्रसन्न आहे, वीर विजयी आहे, सुंदरी सुंदर आहे. पाहणाऱ्याने हात जोडावेत किंवा टक लावून पाहावे, तिसरे काही उरत नाही. दीनानाथ दलालांची रेघ जास्त हलकी, जास्त सूचक. पण त्यांचे मन माणसांच्या लालित्यात रमले, भुयारात उतरले नाही. ‘अमर चित्र कथा’च्या राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांचे प्रकरण वेगळे. वाईरकरांच्या कृष्णापेक्षा त्याच्या आजूबाजूचे गोप, म्हाताऱ्या आणि वासरे मला जास्त जिवंत वाटतात. पुढे ‘सुपंडी’ त्यांच्याच हातून उतरला यात मग नवल उरत नाही. मुळीकांना शरीराची हालचाल पकडता येई. ‘नागराज’चे १९८६ मधले पहिले रूप त्यांचेच. पण चित्रकथेत पुढची चौकट आधीच छापलेली असते. ‘आता काय करणार?’ हे विचारण्याआधीच उत्तर शेजारी येऊन बसते.

माझे मत ज्याच्या पारड्यात पडते तो मराठी नव्हता, पण मराठी घरांत तो मराठीच म्हणून वाढला. ‘चांदोबा’तला शंकर. या ‘चांदोबा’चा मूळ अवतार ‘चंदामामा’ १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला, मग इतर भाषांत पसरला. मजकूर भाषेगणिक बदले, चित्रे तीच राहत. घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या पद्मशाली विणकर वस्त्यांत दोन्ही भाषांतल्या गोष्टींचे चित्र एकच असणे, ही गोष्ट लहान नाही. त्या मासिकात एम. टी. व्ही. आचार्य होते, वड्डादि पापय्या होते, चित्रा होते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पण विक्रम-वेताळाचे चित्र शंकरचे. मसणवटा, अंधार, वाकडे झाड, कवट्या. राजा विक्रम उपसलेली तलवार घेऊन चालतो आहे आणि खांद्यावर प्रेत आहे. महिन्यामागून महिने हेच चित्र.

या चित्रातला राजा लढत नाही. तलवार हातात आहे, पण ती चालवावी असा शत्रू समोर नाही. जो आहे तो खांद्यावर बसला आहे, आणि त्याला तलवारीने काही होत नाही. वेताळ गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील. बोललास तर मौन मोडेल आणि मी झाडावर परत जाईन. हा खेळाचा नियमच आहे, आणि तोही इतका चोख की फाशांचीसुद्धा गरज पडू नये. शंकरचे कौशल्य असे, की त्याने चित्रात प्रश्न काढला नाही, उत्तरही काढले नाही. फक्त ओझे काढले. राजाच्या चालीतला निग्रह, मागच्या काळोखाची खोली, प्रेताचे लोंबते हात. दर महिन्याला गोष्ट नवी आणि चित्र तेच, म्हणून वाचणारे मूल नकळत राजाच्या जागी जाऊन उभे राही आणि स्वतःचे उत्तर ठरवून मगच पान उलटी. सूत्रधाराला याहून जास्त काय हवे असते?

गंमत म्हणजे २०२१ च्या पद्मश्रींच्या यादीत शंकर यांचे नाव मरणोत्तर आले आणि त्याच यादीत पिंगुळीचे चित्रकथीकार परशुराम गंगावणेही होते. सिंधुदुर्गातल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही या लेखाची दुसरी साक्षीदार. सुट्या कागदांची पोथी, एकेक चित्र पुढे धरायचे आणि गाणे-बोलणे चालू ठेवायचे. मोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, आणि मागे बहुतेक कोरा कागद. झाड असले तर एकच, म्हणजे ‘हे रान’ समजून घ्यायचे. ही उणीव म्हणून मांडणारे आहेत. मला ती सोय वाटते. कागद कोरा असल्याशिवाय सांगणाऱ्याला आवाजाने तो भरता येत नाही, आणि सूत्रधाराचे टेबल याच सोयीवर चालते. सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांवरचा चितारी तर खेळासाठीच काढतो. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण एकशे वीस. दिवसा डाव रामाने उघडायचा, रात्री कृष्णाने. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली. पण गंजिफ्यातला नरसिंह पत्त्याच्या किमतीपुरता नरसिंह. हातात पत्ता असलेल्याने नरसिंह व्हावे अशी त्याची अपेक्षा नाही. सुंदर आहे, पण सोंग नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. शंकरने किंवा पिंगुळीच्या ठाकरांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नावही ऐकले नसेल. त्यांना या खेळाच्या मापाने मोजणे म्हणजे बैलगाडीला मीटर लावण्यासारखे. पण मी त्यांना खेळाचे चित्रकार म्हणत नाही. खेळाला जे हवे ते त्यांना आधीच साधले होते एवढेच म्हणतो, आणि ज्यांनी खेळासाठीच चित्रे काढली त्यांतल्या कित्येकांना ते साधले नाही. दुसरा आक्षेप असा, की हा बोलण्याचा खेळ, त्याला चित्राची गरजच काय? खेळाच्या पुस्तकांतून चित्रे काढून टाका, मग उत्तर मिळेल. उरतील ती शस्त्रांची कोष्टके. तिसरा आक्षेप मला खराच अडवतो. मूल खेळाकडे वळते ते ड्रॅगनमुळे, पुसल्या जाणाऱ्या तलवारीमुळे वळत नाही. पेचाचे चित्र जाणत्याला भावते, नवख्याला नाही. हे खरे असेलही. पण विक्रमाच्या चित्राने एकामागून एका पिढीतल्या नवख्या, जेमतेम वाचू लागलेल्या मुलांना खिळवले आणि त्यात ड्रॅगन कुठेही नव्हता. भीती होती, आणि तिला राजाच्या खांद्याएवढी जवळची जागा दिलेली होती.

मराठीत असा खेळ कुणी नीट उभा केला तर चित्राला स्थळ शोधायला युरोपातले किल्ले उसने आणावे लागणार नाहीत. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने तासाभरात नळदुर्ग लागतो. बोरी नदीच्या प्रवाहावर आदिलशाहीत बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादीच्या मुखांतून पाणी धबाबा कोसळते आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात. याचे नेहमीचे चित्र बाहेरून काढले जाते, धबधबा समोर आणि वर आकाश. खेळाच्या चित्रकाराने आत उतरावे. दगडाची ओली पायरी, एक मशाल, पाठमोरा माणूस, आणि भिंतीपलीकडे कोसळणाऱ्या पाण्यामुळे हाका ऐकू येत नाहीत हे त्याच्या वळलेल्या मानेवरून कळावे. पायऱ्या किती आहेत ते दाखवू नये. हेच चित्र अक्कलकोट रोडच्या एखाद्या नक्षीवाल्याकडे चादरीसाठी दिले, तर चौकटीच्या कागदावर मशालीला दहा-बारा चौकोन पुरतील आणि बाकीचे तो बहुधा मोकळेच सोडेल.