शिंक आली, आता काय म्हणाल?

तान्ह्या बाळाला शिंक आली की आजी लगेच 'शतायुषी हो' म्हणते. हा रिवाज फार जुना. बौद्धांच्या विनयपिटकात त्याची एक गोष्ट आहे. उपदेश चालू असता भगवान बुद्धांना शिंक आली. दीर्घायुष्य चिंतणाऱ्या भिक्षूंचा एकच गलका झाला नि उपदेश अडला. तेव्हा, अशा बोलण्याने कोणी जगत वा मरत नाही, हे बुद्धांनी त्यांना पटवले आणि तसे म्हणण्यास मनाई केली. पुढे भिक्षू शिंकले की लोक आशीर्वाद देत, पण भिक्षू गप्प! लोकांना ते लागले. मग गृहस्थांचे मन राखण्यासाठी उलट आशीर्वाद देण्याची मोकळीक बुद्धांनी दिली.

हाच न्याय घरात लावावा. कोणी बाहेर निघताना सून शिंकली, तर 'अपशकुन केलास' म्हणून तिच्यावर डाफरू नये. निघणाऱ्याने हवे तर घोटभर पाणी प्यावे. पण आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असता शिंकेसाठी क्षणभरही थांबू नये.

शिंकणाऱ्यानेही रीत पाळावी. शिंकेच्या तुषारांतून रोग पसरतो, हे २०२० साली करोनाने साऱ्यांना शिकवले. तोंडावर पदर, उपरणे वा रुमाल धरावा. नाहीतर कोपराच्या घडीत शिंकावे. तळहातात शिंकू नये. तोच हात पुढे भाकरीच्या पिठाला लागतो. मिरची कांडताना, मळणीच्या धुळीत नाकावर आधीच फडके बांधावे.

आशीर्वाद इतरांनी द्यावा, काळजी शिंकणाऱ्याने घ्यावी.