लहर उठते कुठून?

सिझियम, व्हॅनेडियम आणि अँटिमनी यांचा स्फटिक ९४ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे १७९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन सारखे पसरून राहत नाहीत. कुठे दाटी, कुठे विरळपणा, आणि हा आकृतिबंध ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो. अणूही जागेवरून जरासे सरकतात. हीच ‘चार्ज डेन्सिटी वेव्ह’. ती उठते का, हा आजच्या घनपदार्थ भौतिकीतला फार सुंदर प्रश्न आहे.

या स्फटिकात व्हॅनेडियमचे अणू कागोमे जाळीत बसलेले असतात: कोपऱ्याला कोपरा लावलेले त्रिकोण आणि मध्ये षटकोनी पोकळ्या, विरळ विणीच्या बांबूच्या टोपलीत दिसतात तशा. १९५१ मध्ये जपानच्या इतिरो स्योझी यांनी ही जाळी चुंबकत्वाच्या गणितात आणली. २०१९ मध्ये ब्रेंडन ऑर्टिझ आणि सहकाऱ्यांनी सिझियमचा हा स्फटिक ज्यातला आहे ते धातुकुटुंब जाहीर केल्यावर सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे वळलं.

पहिलं उत्तर भूमितीतून आलं. या जाळीत एका विशिष्ट ऊर्जेपाशी इलेक्ट्रॉनांसाठी असंख्य अवस्था दाटलेल्या असतात आणि अशा जागा तीन दिशांना तीन आहेत. त्यांना जोडणारी लहर उठली की अणू सरकायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा इलेक्ट्रॉनांची बचत जास्त होते. साध्या अणुसाखळीसाठी हा हिशेब रुडॉल्फ पायर्ल्स यांनी फार पूर्वी मांडला होता. इथे तीन लहरी मिळून पुनरावृत्तीचं अंतर दोन्ही दिशांना दुप्पट होतं, आणि प्रयोगांतही नेमकं तेच दिसतं. मात्र अशा वेळी जाळीचं एखादं कंपन हळूहळू मंदावत जायला हवं. क्ष-किरणांनी शोधूनही ते सापडलं नाही. म्हणजे केवळ इलेक्ट्रॉनांच्या बचतीवर सगळं सोडून भागत नाही. अणूंच्या कंपनांशी त्यांची सांगड किती घट्ट आहे, हेही पाहावं लागतं.

मला याहून मोलाचा वाटतो तो २०२२ मध्ये समोर आलेला स्कँडियम, व्हॅनेडियम आणि टिन यांचा धातू. जाळी तीच, लहर ९२ केल्विनला उठते, म्हणजे तापमानही जवळपास तेच. पण व्हॅनेडियम जेमतेम हलतो. हलतात ते षटकोनी पोकळ्यांतून उभ्या गेलेल्या साखळ्यांमधले स्कँडियम आणि टिन, तेही वर-खाली. पुनरावृत्तीचा आकृतिबंधही वेगळा. स्कँडियम लहान, त्यामुळे साखळीत सैलपणा उरतो आणि ती खडखडत राहते. त्याच्या जागी मोठा इट्रियम किंवा ल्युटेशियम घातला की साखळी आवळते आणि लहर उठतच नाही. इथे कंपन मंदावतानाही स्पष्ट दिसलं. गंमत म्हणजे वर-खालच्या दिशेने दर दोन थरांनी येणारी मांडणी आधी डोकं वर काढते, पण थिजते ती दर तीन थरांची. टोपलीच्या विणीकडे बघत बसलेल्यांना उत्तर पोकळीत मिळालं, असं मी म्हणेन.

लोह आणि जर्मेनियमच्या कागोमे धातूने तर चुंबकत्वही यात ओढलं आहे. तो सुमारे ४१० केल्विनखाली प्रतिलोहचुंबकीय (अँटिफेरोमॅग्नेटिक) असतो आणि १०० केल्विनच्या आसपास त्यात लहर उठते. तिथे काही जर्मेनियम अणू जोड्या करतात. त्यातही स्फटिक वाढवून झाल्यावर कोणत्या तापमानाला भट्टीत पुन्हा तापवून ठेवला, यावर लहर लांबवर पसरते की पूर्ण नाहीशी होते हे ठरतं.