जुन्या वाहनांतील बॅटरी व विद्युत मापके

जुन्या जीपगाड्या, ट्रॅक्टर, मालमोटारी आणि मुक्कामाच्या सोयीने बांधलेल्या घरगाड्या (कॅराव्हॅन) यांमध्ये विद्युत ऊर्जा साठविण्यासाठी शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी वापरलेली असते. तिची स्थिती चालकाला कळावी म्हणून अशा वाहनांच्या फलकावर अँपिअरमापक (अ‍ॅमीटर), व्होल्टमापक (व्होल्टमीटर) किंवा नुसता एक लाल दिवा बसविलेला असतो. ही तीन साधने तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एकाचे उत्तर दुसऱ्याचे समजल्यामुळे चांगली बॅटरी मोडीत निघते आणि निकामी बॅटरीवर भरवसा ठेवून गाडी आडरानात बंद पडते. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा विषय केवळ हौशी वाहनधारकांपुरता राहत नाही; ट्रॅक्टर सुरू होणे आणि रात्री पिकाची राखण होणे या दोन्ही गोष्टी याच १२ व्होल्टच्या पेटीवर अवलंबून असतात.

रचना

शिसे-आम्ल घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पत्र्यावर लेप देण्याची पद्धत शोधली आणि अशा घटांचे कारखान्यातील उत्पादन सुकर झाले. मोटारीत बॅटरीला खरे महत्त्व आले ते १९१२ मध्ये, कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर बसविला गेल्यानंतर. त्यापूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे.

बॅटरीत धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल असते. वीज वापरली जाऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते व आम्ल पाणचट होत जाते. बॅटरी भारित करताना (चार्जिंग) ही क्रिया उलट घडते. एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. असे सहा घट एकापुढे एक जोडले की ‘१२ व्होल्ट’ म्हणून ओळखली जाणारी बॅटरी होते. जड मालमोटारी व बसगाड्यांत बहुधा अशा दोन बॅटऱ्या सरीत जोडून २४ व्होल्ट मिळवितात. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप तसेच जुन्या काही मोटारसायकली ६ व्होल्टवर चालत. त्यांच्या बॅटरीत तीनच घट असत.

व्होल्टेजचा अर्थ

‘१२ व्होल्ट’ हे नाव आहे, माप नव्हे. सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. सहा घटांची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या अवस्थेत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ च्या आसपास वाचन आले तर सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ ला निम्मा आणि १२.० ला जेमतेम एक चतुर्थांश भार शिल्लक असतो. ११.८ च्या खाली बॅटरी रिकामीच समजावी. मापकाने बरोबर १२ दाखविले म्हणून समाधान मानणारा चालक प्रत्यक्षात जवळजवळ उतरलेली बॅटरी घेऊन निघालेला असतो. भरलेली व रिकामी यांत एका व्होल्टचेही अंतर नसल्यामुळे, ज्या मापकावर ८ ते १६ एवढा पल्ला बोटभर कमानीत कोंबलेला असतो त्यावरून बॅटरीतील शिल्लक ओळखणे अशक्यप्राय ठरते. त्यासाठी दशांशापर्यंत आकडा दाखविणारा साधा अंकीय मीटर अधिक उपयोगी पडतो.

हे आकडे विश्रांत बॅटरीचे आहेत, ही अट मोलाची आहे. नुकत्याच भारित झालेल्या बॅटरीच्या पट्ट्यांच्या पृष्ठभागावर तात्पुरता जादा दाब राहतो. गाडी बंद केल्यावर लगेच मोजल्यास १३ व्होल्टसुद्धा दिसतात आणि तासाभरात ते ओसरतात. म्हणून वाचन काही तासांनी, शक्य तर पहाटे, कोणताही दिवा वा पंखा चालू नसताना घ्यावे लागते. उलटपक्षी, दिवे चालू असताना घेतलेले वाचन खऱ्या स्थितीपेक्षा खाली येते.

इंजिन चालू झाल्यावर मापक बॅटरीविषयी बोलणे थांबवितो आणि जनित्राविषयी बोलू लागतो. त्या वेळी १३.८ ते १४.४ व्होल्ट हा निरोगी पल्ला होय. इंजिनाचा वेग वाढवूनही काटा १२.५ वरच राहिला तर जनित्र भार देत नाही. पट्टा सैल असणे, कार्बन ब्रश झिजणे किंवा रेग्युलेटर बिघडणे ही त्याची नेहमीची कारणे. काटा १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर प्रवाह आवरत नाही, असे समजावे. अशा वेळी बॅटरीतील पाणी वेगाने आटते, दिव्यांचे बल्ब वारंवार उडतात आणि मालक मात्र बल्बच्या कंपनीला दोष देत राहतो. ‘सेल्फ’ मारताना दाब काही क्षण खाली येणे स्वाभाविक आहे, तो ९.६ व्होल्टच्याही खाली गेला तर बॅटरी थकलेली असते किंवा तिची जोडणी सदोष असते.

अँपिअरमापक

जुन्या गाड्यांत व्होल्टमापकाऐवजी अँपिअरमापक असे. त्याच्या मधोमध शून्य, एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस उणे अशी खूण असते. हा मापक बॅटरीत किती वीज आहे ते सांगत नाही. ती आत जात आहे की बाहेर, आणि किती वेगाने, एवढेच सांगतो. घागरीतील पाणी किती हे नळाच्या धारेवरून कळत नाही, तसेच हे आहे.

गाडी सुरू होताच काटा अधिककडे झेप घेतो, कारण सेल्फने घेतलेली वीज भरून निघत असते. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत तो हळूहळू शून्याच्या जरा वर येऊन स्थिरावतो. शून्याजवळचा हा काटा पाहून नवखा चालक घाबरतो. प्रत्यक्षात ते बॅटरी भरत आल्याचे लक्षण असते. दोन तास चालूनही काटा अधिककडेच ताठ राहिला तर मात्र बॅटरीतील एखादा घट खराब झाला असण्याची किंवा रेग्युलेटर जादा भार देत असल्याची शक्यता असते.

डायनॅमो बसविलेल्या जुन्या गाडीत इंजिन मंद चालू असताना दिवे लावले की काटा उणेकडे झुकतो. यात बिघाड नाही. डायनॅमो कमी वेगात पुरेशी वीज निर्माण करू शकत नाही आणि ‘कट-आउट’ नावाचे स्वयंचलित कळयंत्र त्याला बॅटरीपासून तोडून ठेवते, नाहीतर बॅटरीतील वीज उलट डायनॅमोतच वाहिली असती. पुढे आलेला आल्टरनेटर मंद वेगातही भार देतो आणि त्याच्यातील डायोड उलटा प्रवाह अडवितात. मात्र बॅटरीच्या तारा चुकून उलट जोडल्यास हेच डायोड क्षणात जळतात. ब्रिटिश धाटणीच्या काही जुन्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असल्याने तेथे ही चूक विशेष सहज घडते.

अँपिअरमापक मंडलात सरीत असतो. म्हणजे सेल्फचा प्रवाह वगळता गाडीतील सगळी वीज त्याच्यातून जाते. त्याच्या पाठीमागील नट सैल झाला तर तेथे उष्णता निर्माण होते आणि फलकाच्या आतील वायरिंगला आग लागू शकते. व्होल्टमापक समांतर जोडलेला असून त्यातून नगण्य प्रवाह वाहतो. पुढील काळात मोटार कारखानदारांनी अँपिअरमापक सोडून व्होल्टमापक किंवा लाल दिवा स्वीकारला, त्यामागे हेही एक कारण आहे.

लाल दिव्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. किल्ली फिरविताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागत नसेल तर सर्व ठीक आहे असे नसून बल्ब उडालेला असतो. अनेक आल्टरनेटरांना सुरुवातीचा चेतन-प्रवाह या बल्बमधूनच मिळतो. त्यामुळे एवढासा बल्ब उडाल्याने भारण बंद पडल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी आढळतात.

मापकच चुकतो तेव्हा

फलकावरील काटा बॅटरीच्या टोकाशी नव्हे, तर बऱ्याच लांबच्या तारेच्या शेवटी मोजत असतो. गंजलेली अर्थिंगची पट्टी, टोकांवर साचलेली पांढरट-हिरवट बुरशी, जुना फ्यूज या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब खर्ची पडतो. बॅटरीच्या टोकांवर १२.६ आणि फलकावर १२.१ असा फरक दिसला तर बॅटरी बदलण्याआधी तारा घासून पुसून पाहाव्यात. काही जुन्या गाड्यांत इंधन व तापमान यांचे काटे १० व्होल्टच्या स्थिरकावर चालतात. दोन्ही काटे एकाच वेळी खोटे बोलू लागले तर दोष टाकीत वा रेडिएटरमध्ये नसून त्या लहानशा स्थिरकात असण्याचा संभव अधिक.

घरगाडीतील दुसरी बॅटरी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर घरगाडी हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडू लागला. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी मुक्कामातील दिवे, पंखा व शीतपेटीसाठी. पहिलीच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात, कारण तिला काही सेकंद शे-दोनशे अँपिअर द्यावे लागतात. दुसरीच्या पट्ट्या जाड असतात. तिला रात्रभर थोडी थोडी वीज द्यायची असते. सेल्फची बॅटरी पंख्यासाठी वापरल्यास ती लवकर मरते.

जुन्या घरगाड्यांत बटण दाबले की दिव्यांची ओळ उजळून ‘रिकामी’, ‘मध्यम’ किंवा ‘पूर्ण’ दाखविणारा फलक असतो. बाहेरच्या विजेवर भारक चालू असताना तो नेहमीच ‘पूर्ण’ सांगतो, कारण तेव्हा तो भारकाचाच दाब मोजत असतो. त्यापेक्षा गणित विश्वासार्ह ठरते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मी, म्हणजे ५० अँपिअर-तास वीजच वापरावी, असा संकेत आहे. २४ वॉटचा पंखा २ अँपिअर घेतो, ६ वॉटचे दोन दिवे मिळून १ अँपिअर. एकूण ३ अँपिअरला ही बॅटरी सुमारे सोळा तास पुरते.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. थंडीत बॅटरी अडते म्हणून ती थंडीनेच मरते असा समज आहे. वस्तुतः तिचे आयुष्य उन्हाळा खातो. तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. पाणी आटते, पट्ट्यांचा वरचा भाग उघडा पडतो आणि तेथील सल्फेट टणक बनते. उन्हाळ्यात झालेले हे नुकसान बहुधा हिवाळ्यातील पहाटे, सेल्फ नुसता ‘टक’ करून थांबतो तेव्हा, उघडकीस येते. ४५ अंशांना भारणाचा दाब २५ अंशांच्या मानाने सुमारे ०.४ व्होल्टने कमी असावा लागतो. जुन्या रेग्युलेटरांना हे नेहमी जमत नाही. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरवड्याला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याची पातळी पाहणे आवश्यक ठरते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना मारक असतात. वरून आम्ल घालणेही चूक आहे. आटते ते पाणी, आम्ल आतच राहते.

कोरडवाहू शेतीतील ट्रॅक्टर हंगाम संपला की आठवडेच्या आठवडे गोठ्याशेजारी उभा राहतो आणि बॅटरी आपोआप उतरत जाते. डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर ठिणगीची गरज नसते. त्यामुळे उतारावर ट्रॅक्टर उभा करून ढकलून सुरू करण्याची युक्ती गावोगाव चालते आणि बॅटरीची दुरुस्ती पुढल्या हंगामावर ढकलली जाते. दरम्यान सल्फेट टणक होऊन बॅटरी कायमची जाते. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावल्यास हे टळते.

रानडुक्कर व रोही यांच्यापासून पीक वाचविण्यासाठी लावले जाणारे ‘झटका मशीन’ हा याच बॅटरीचा जिल्ह्यातील मोठा उपयोग होय. हे यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवरून, बहुधा लहान सौर पट्टीच्या साहाय्याने, साधारण दर सेकंदाला एकदा उच्च दाबाचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा ठोका कुंपणाच्या तारेत सोडते. ठोक्यातील ऊर्जा मर्यादित असल्याने प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. बॅटरी उतरली की ठोका क्षीण होतो आणि कळप आत घुसतो; मग शेतकऱ्याला पुन्हा रात्रभर जागल करावी लागते. पावसाळ्यात ढगांमुळे सौर पट्टी कमी भार देते आणि तारेला टेकलेले गवत वीज जमिनीत उतरविते. त्यामुळे सायंकाळी व्होल्टेज पाहणे आणि तारेखालचे गवत कापणे ही दोन्ही कामे सारख्याच महत्त्वाची आहेत. बॅटरी पुरत नाही म्हणून कुंपणाची तार थेट २३० व्होल्टच्या वाहिनीला जोडणे हा गुन्हा आहे. त्या प्रवाहात ठोक्यांमधील उसंत नसते. स्पर्श करणाऱ्याला हात सोडविता येत नाही. अशा तारांनी प्राण्यांबरोबर माणसांचेही बळी घेतले आहेत, आणि पुष्कळदा ते त्याच शेताच्या मालकाच्या घरचे किंवा शेजारचे असतात.

सुरक्षितता व विल्हेवाट

भारणाच्या अखेरीस बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होतो. पाणी तपासताना काडी पेटवून आत डोकावणे म्हणूनच अत्यंत धोक्याचे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरुवात करताना आधी धन टोके जोडतात आणि ऋण तारेचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावतात. ठिणगी पडलीच तर ती वायूपासून लांब पडते. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

निकामी बॅटरीतील शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते विपरीत परिणाम करते. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे दिल्यास किमतीत सूट मिळते. घराच्या अंगणात ती फोडून शिसे काढणे आणि आम्ल नालीत ओतणे मात्र विहिरीपर्यंत पोहोचणारे संकट असते.