फांदी कुठे कापायची?

पावसाळा तोंडावर आला की आपल्या शहरांतून कुऱ्हाडी निघतात. तारांना लागणारी फांदी कापायला हवीच. पण ती कुठे कापायची, हे कापणाऱ्याला सहसा कुणी शिकवलेलं नसतं. अमेरिका-युरोपात हा रीतसर व्यवसाय आहे. त्यातल्या जाणकाराला आर्बोरिस्ट म्हणतात.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं. कुजका भाग झाड आतल्या आत भिंती घालून अलग करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. आम्ही बँकवाले बुडीत कर्ज वेगळं काढायचो, तसंच! फक्त झाडाला ‘राइट-ऑफ’ची सोय नाही.

ही भिंत उभारण्याची ताकद फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्यात असते. खोडालगत सपाट कापलं तर कडंच जातं. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. म्हणून जाणकार आधी खोडापासून थोडं दूर, खालून खाच घेतो, मग वरून कापून वजन उतरवतो आणि शेवटी कड्याबाहेर छेद देतो. नाहीतर जड फांदी खोडाची साल सोलत खाली येते. वर डांबर फासून कूज थांबत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीने गुलमोहराचे शेंडेच उडवले. भराभर फुटवे आले, सगळे खूश! पण असे फुटवे वरवरच्या लाकडालाच धरून असतात. जड झाले की वादळात तेच आधी मोडतात.

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड तोडायला परवानगी लागते. परवानगी हाती आली, की करवतवाल्याला एवढंच विचारा : ‘दादा, फांदीचं कडं कुठाय?’