प्लॅस्टिकचा गोफ

मुलांच्या खेळांना ऋतू असतात. संक्रांत जवळ आली की पतंग बाहेर पडतात, पुढे कधीतरी भोवऱ्यांची पाळी येते, आणि गोट्यांचे दिवस तर कोणी जाहीर न करताच एका सकाळी साऱ्या गल्लीत सुरू होतात. रंगीत प्लॅस्टिकच्या दोऱ्या गुंफण्याचा छंद याच जातीचा होय. तो येतो, वर्गच्या वर्ग व्यापून टाकतो आणि वर्षा-दोन वर्षांत ओसरतो. मागे उरते ती दप्तराच्या बंदाला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारी एखादी रंगीत कांडी.

फ्रान्समध्ये या छंदाला ‘स्कूबिदू’ म्हणतात. १९५८-५९ च्या सुमारास साशा दिस्तेल या गायकाचे त्या नावाचे गाणे तेथे घरोघरी ऐकू येत होते. शब्दाला अर्थ असा काही नाही. गाण्याचा ताल धरण्यापुरताच तो आहे. त्याच दिवसांत मुलांच्या हाती आलेल्या या दोऱ्यांना तो चिकटला आणि गाणे मागे पडल्यावरही टिकून राहिला. पुढे २००४-०५ साली इंग्लंड, नेदरलँड्स वगैरे देशांत या दोऱ्यांची पुन्हा एकदा लाट आली. दिस्तेल यांचे निधन २००४ च्या जुलैमध्येच झाले, हा एक योगायोग.

या कामाला लागणारे साहित्य अगदी थोडे. सुमारे मीटरभर लांबीच्या, आतून पोकळ अशा दोन दोऱ्या मध्यावर फुलीसारख्या एकमेकींवर ठेवल्या की चार टोके चार दिशांना जातात. पहिले टोक शेजारच्या दुसऱ्यावरून टाकावयाचे, दुसरे तिसऱ्यावरून, तिसरे चौथ्यावरून. चौथे मात्र पहिल्याने केलेल्या फाशातून ओवून घ्यावयाचे. मग चारही टोके सारख्या जोराने ओढली की मध्ये चार घरांचा एक इवलासा चौरस तयार होतो. दोऱ्या दोन रंगांच्या असल्या तर समोरासमोरच्या कोनांत एकच रंग येतो आणि बुद्धिबळाच्या पटाचा तुकडा कापून घेतल्यासारखा दिसतो.

खरी गंमत दुसऱ्या थरापासून सुरू होते. पहिला थर उजवीकडे फिरवला असेल आणि दुसराही उजवीकडेच फिरवला, तर गुंफण हळूहळू पीळ घेत गोल होत जाते. पण एक थर उजवीकडे, पुढचा डावीकडे, असा क्रम ठेवला तर तीच गुंफण चार सरळ कडांची, चौकोनी खांबासारखी उभी राहते. दोऱ्या त्याच, गाठही तीच. फरक केवळ दिशेचा. शिडाच्या गलबतांवरील खलाशांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. क्लिफर्ड ॲश्ले यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या गाठींच्या जाडजूड ग्रंथात अशा गुंफणींना स्वतंत्र स्थान आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलीला अर्थात या ग्रंथाची गरज पडत नाही. शेजारच्या मैत्रिणीच्या बोटांकडे ती दोन मिनिटे पाहते, एकदा चुकते आणि शिकते.

हे चुकणे मोठे बोधप्रद असते. वहीतील चूक खोडता येते, पण येथे दिशा बदलावयाची राहून गेली की त्या जागी खांबाला मुरड पडते आणि ती शेवटपर्यंत दिसत राहते. उपाय एकच: चुकलेल्या थरापर्यंत सारे उलट उसवीत जावयाचे. तोंडी हिशेबात दोन मिनिटे धीर न धरणारा मुलगा अशा वेळी वीस थर निमूटपणे उसवताना दिसतो. त्याला ते कोणी सांगितलेले नसते.

या खेळाला एक काळजीची बाजूही आहे, आणि ती पालकांनी नीट समजून घ्यावयास हवी. गाठ घट्ट ओढताना दोन हात पुरत नाहीत. मग मूल एक टोक दातांत धरते. या दोऱ्या बहुधा पी.व्ही.सी. नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक मुळात ताठ असते. ते मऊ व लवचीक व्हावे म्हणून त्यात थॅलेट वर्गातील तेलकट द्रव्ये मिसळण्याची पद्धत आहे. ही द्रव्ये प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात. त्यामुळे चघळताना ती थोडीथोडी लाळेत उतरतात. त्यांपैकी काही द्रव्ये शरीरातील अंतःस्रावांच्या कार्यात ढवळाढवळ करतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. युरोपीय संघाने १९९९ साली तीन वर्षांखालील मुलांच्या, तोंडात धरण्यासाठी केलेल्या खेळण्यांपुरती या द्रव्यांना बंदी केली होती. दोऱ्या गुंफणारी मुले वयाने मोठी, म्हणून ती या नियमाच्या कक्षेबाहेरच राहिली. पुढे २००५ च्या आदेशाने ही फट बरीचशी बुजवली. तीन द्रव्ये सर्वच खेळण्यांत आणि आणखी तीन तोंडात घालता येण्याजोग्या खेळण्यांत वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक असू नयेत, असे त्यात ठरले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह आवश्यक झाले आहे. परंतु दुकानात वजनावर मिळणारे वायरीचे भेंडोळे खेळणे म्हणून विकले जातच नाही. तेव्हा उग्र वासाची, हाताला चिकट लागणारी दोरी घेऊ नये आणि दातांनी ओढू देऊ नये, एवढी दक्षता घरातच घ्यावी लागते.

वायर म्हटले की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना वायरच्या पिशव्या आठवतील. १९७०-८० च्या दशकांत दुपारची झाकपाक आटोपली की बायका व मुली या पिशव्या विणावयास बसत. दोन वायरी एकमेकींत अडकवून चौकोनी गाठ मारावयाची, गाठीला गाठ जोडीत तळ करावयाचा आणि मग भिंती उभ्या करावयाच्या. बाजारातील चार-पाच किलो भाजी ती पिशवी वर्षानुवर्षे वाहत असे. तिच्याशेजारी मुलाची ती बोटभर कांडी ठेवली की ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न घरात हटकून निघतो.

अमेरिकेत या प्रश्नावरून राजकारण झाले. तेथील बालवीर चामड्याच्या पट्ट्या गुंफून गळ्यात अडकवावयाचे गोफ करीत, त्यांना ‘बूनडॉगल’ म्हणत. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये बेकारांसाठी काढलेल्या सरकारी कामांची चौकशी झाली. तीत असे गोफ वगैरे हस्तव्यवसाय शिकवण्यावरही सरकारी पैसा खर्च होत असल्याचे निष्पन्न झाले. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलून धरला आणि ‘बूनडॉगल’ म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी, असा अर्थ इंग्रजीत कायमचा रूढ झाला. दुसऱ्या वर्षी खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांना भाषणात त्या शब्दाचा समाचार घ्यावा लागला. बिचाऱ्या गोफाचा यात काय अपराध होता, हे मात्र कोणी विचारले नाही.

गोव्यात शिगम्याच्या दिवसांत गोफ नाचतात, तेथे हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. मांडावर वरून रंगीत दोर सोडलेले असतात आणि प्रत्येक नाचणारा एकेक दोर हाती धरतो. वाद्यांच्या ठेक्यावर कोणी आतून, कोणी बाहेरून जात एकमेकांना ओलांडतात, आणि डोक्यांवर रंगांचा गोफ विणला जाऊ लागतो. एखाद्याचे पाऊल चुकले तर गुंता तेथल्या तेथे सर्वांना दिसतो. गोफ पुरा विणून झाला की तो तसाच ठेवीत नाहीत. तीच पावले उलटी टाकीत नाचणारे तो उलगडू लागतात, आणि अखेरीस सारे दोर पुन्हा सुटे होऊन लोंबू लागतात.