न्योन्यांचा चांग आणि चुआ जिम नियो यांचं पुस्तक

पेरानाकान स्वयंपाकाचा नाद मला गोकर्णामुळे लागला. आपण देवाला वाहतो ते हे फूल मलाक्का, पिनांग आणि सिंगापूरच्या न्योन्या, म्हणजे पेरानाकान बायका, गरम पाण्यात भिजवून पिळतात आणि त्या निळ्या पाण्यात मूठभर चिकट तांदूळ रंगवतात. फुलाला चव जवळजवळ नाहीच. तरी चांगचं, म्हणजे पानात बांधून उकळलेल्या चिकट भाताच्या पुड्याचं, एक टोक निळं हवं म्हणजे हवं!

चिनी व्यापारी या बंदरांत आले, स्थानिक बायकांशी त्यांनी संसार थाटले आणि त्यातून पेरानाकान समाज घडला, हे सर्वज्ञात आहे. पण या इतिहासात भेटतात ते बहुतेक बाबा, म्हणजे पुरुष. न्योन्या भेटतात त्या चांगमध्ये.

चांग ज्या सणाला करतात तो चिनी, पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवसाचा. होक्किएन चिन्यांचा चांग सोया सॉसने काळपट झालेला असतो. न्योन्यांचा भात पांढरा, आत बारीक चिरलेलं डुकराचं मांस, कोहळ्याचा पेठा, मिरी आणि भरपूर धणेपूड. सिंगापूरच्या कातोंग भागात दोरा सोडून पहिला घास घेतला, तेव्हा आधी धणे जाणवले, मग पेठ्याचा गोडवा, आणि चरबीचा तुपकटपणा सगळ्यांत शेवटी. चिनी सणाच्या पदार्थात मलय मसाला इतका निःसंकोच नांदतो, हे मला कुठल्याही दस्तऐवजापेक्षा बोलकं वाटतं.

गोड कुएंबद्दल, म्हणजे तिथल्या मिठायांबद्दल, थोडक्यात सांगतो. थरावर थर वाफवलेला कुए लापिस देखणा खरा, पण मी पुलुत इंतीवर लुब्ध झालो. केळीच्या पानात निळसर चिकट भात आणि वर ताडगुळात शिजवलेलं खोबरं, थेट मोदकाचं सारण.

हे सगळं चाले 'आगाक-आगाक', म्हणजे अंदाजाने. सासूच्या हाताकडे बघून सून शिकायची. म्हणूनच चुआ जिम नियो (१९०७-१९८०) मला मोठ्या वाटतात. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या आई एवढीच त्यांची ओळख उरली आहे. उतारवयात त्या परदेशी बायकांना न्योन्या स्वयंपाक शिकवत. १९७४ साली त्यांनी 'मिसेस लीज कुकबुक' काढून घरातल्या पाककृती छापून टाकल्या. २००३ मध्ये नात शर्मे ली यांनी त्याची नवी आवृत्ती केली. मुलाच्या आठवणींचे दोन जाड खंड निघाले. माझ्या लेखी आईचं पुस्तक त्यांच्या तोडीचं आहे. सिंगापूर कसं उभं राहिलं हे सांगणारे पुष्कळ आहेत. तिथल्या घरांत काय शिजत होतं, हे त्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या बाईने लिहिलं.

चांगच्या पानाचा प्रश्न मात्र पुस्तकाने सुटणारा नाही. जुन्या न्योन्या तो पांदानच्या रुंद पानात बांधत. केवड्याच्या कुळातलं हे पान तासन्‌तास उकळताना आपला वास भाताला देतं. आता एवढी रुंद पानं सहज मिळत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी बांबूची पानं वापरतात. जाणते विक्रेते त्यात पांदानची एक पट्टी सरकवतात. तेवढ्यानेही फरक पडतो.