विमानात बाळ मांडीवर की कारसीटमध्ये?

पालकहो, बोरिवलीहून सहार विमानतळाकडे जाताना टॅक्सीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. वर्गात शिकवतो ते जडत्व हेच! गुरुत्वाच्या तिप्पट झटका बसला, तर १० किलोचं बाळ हातांना ३० किलोचं लागतं. मिठी कितीही घट्ट असली तरी सुटते. म्हणूनच २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाविना बसवल्यास १००० रुपये दंड आहे.

विमानात मात्र दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं. १९८९ मध्ये अमेरिकेत स्यू सिटीला विमान कोसळलं, तेव्हा मांडीवरच्या बाळांपैकी एक दगावलं.

कारसीट न्यायची असेल तर बाळाचं वेगळं तिकीट काढा आणि विमान कंपनीला आधी विचारा. सीटवर विमानात वापरता येत असल्याचं लेबल हवं. ती बहुधा खिडकीशी लावतात, म्हणजे शेजाऱ्यांची बाहेर पडायची वाट अडत नाही. बूस्टर मात्र चालत नाही, कारण त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात तो फक्त कमरेला असतो.

शिक्षकमित्रांनो, जडत्वाच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्या. मुलं घरी जाऊन नक्की सांगतील!